फियाटला डावा आरसा : आरसा ठीकठाक, बसवणारे काका एक नंबर

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अर्धा आरशाचा आणि अर्धा तो बसवून देणाऱ्या काकांचा आहे, दोघांना एकच मार्क दिले तर काकांवर अन्याय होईल म्हणून वेगवेगळे देतो. आरशाला पाचपैकी अडीच. काकांना पावणेपाच, पाव कापला कारण दीड तास उन्हात उभं केलं.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, 1986 ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, नंबर एमएच सुरू व्हायच्या आधीचा. कागदावर पद्मिनी पण घरात फियाटच म्हणतात. तेव्हा बऱ्याच गाड्यांना ड्रायव्हरच्या बाजूलाच आरसा असायचा, डावीकडचा हवा तर आपला आपण लावून घ्या, अगदी मारुती 800 च्या साध्या मॉडेललासुद्धा नसायचा. बाबांनी तो कधी लावलाच नाही. हल्ली गाडी मी चालवतो, बाबा डावीकडे बसतात आणि डावा आरसा म्हणजे स्वतः बाबाच, "थांब, बाईक आहे", "हां, घे आता". पण मागच्या वर्षी मोतीबिंदू पिकला आणि दादर टीटीला बाबा "घे" म्हणाले, मी घेतली, आणि डावीकडून एक डिलिव्हरीवाला पोरगा घुसलेला. पोरगा वाचला, आम्ही शिव्यांवर सुटलो. घरी आल्यावर म्हटलं बाबा, आता आरसा लावू या. बाबा म्हणाले मी आहे ना. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

आरसा घेतला ऑपेरा हाऊसच्या एका दुकानातून, नाव टाकत नाही. गोल, क्रोमचा, 650 रुपये. दुकानदार म्हणाला, "साहेब, फियाटचाच आहे, दोन्ही साईडला चालतो." चालत नाही!! हे मला घरी येऊन कळलं, आणि तुम्ही जुन्या गाडीला आरसा घेणार असाल तर एवढं वाचाच. उजवा आरसा आपल्या कोपराशी असतो, त्याला जरा वळवला की काम झालं. डावा अख्ख्या गाडीच्या पलीकडे, म्हणजे त्याची काच ड्रायव्हरकडे चांगलीच आत वळायला लागते, आणि उजव्या बाजूसाठी बनवलेल्या आरशाचा बॉल, म्हणजे ज्यावर तो फिरतो तो सांधा, तेवढा वळतच नाही. मला त्यात फुटपाथवरची दुकानं मस्त दिसत होती, रस्ता सोडून सगळं. परत गेलो, थोडी वादावादी, शेवटी वर दीडशे घेऊन लांब दांडीचा डावा दिला. तोही काय फार भारी नाही, एका पावसाळ्यात कडेला क्रोमवर बारीक पुरळ उठलंय, आणि काच फुगीर म्हणजे कॉन्व्हेक्स आहे, त्यात जागा जास्त दिसते पण मागची बाईक असते त्यापेक्षा लांब वाटते. पहिला आठवडा मी दोनदा फसलो, आता डोळ्याला सवय झाली.

आता काका. परळला एका गल्लीत आहेत, गॅरेजला बोर्डसुद्धा नाही. आयुष्य काळीपिवळीत गेलं, शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 ला ताडदेवला रजिस्टर झाली, वीस वर्षांची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून काकांकडे माझ्यासारखी घरगुती गाड्यांची चारदोन गिऱ्हाइकं. त्यामुळे वेळ भरपूर.

मला वाटलं ड्रिल मारतील, दोन स्क्रू पिळतील, वीस मिनिटं. काकांनी ड्रिल हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "शेठ, तुमच्या शेजारी कोण बसतं रोज?" म्हटलं वडील. "मग त्यांना घेऊन या." आता बाबा घरी, दादरला, आणि रुसलेले. आणले टॅक्सी करून.

मग मला माझ्या सीटवर बसवलं, माझी नेहमीची सीट मागे सरकवलेली तशीच, बाबांना डावीकडे, आणि काकांचा पोरगा बाहेर आरसा दरवाजाला धरून उभा. बोटभर पुढे, बोटभर मागे, दर वेळी मला विचारायचे, काय दिसतं. मागे घेतला तर बाबांची छाती मध्ये, शिवाय मान पूर्ण वळवायला लागते. जरा पुढे घेतला तर दरवाजाच्या पुढच्या कोपऱ्यातल्या छोट्या त्रिकोणी काचेचा उभा दांडा बरोब्बर आरशाच्या मधोमध, अर्धा रस्ता इकडे अर्धा तिकडे. अजून पुढे घेतला, त्रिकोणी काचेतून झकास दिसायला लागलं, मी म्हटलं बस हीच जागा, तर बाबांनी एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं, "काच उघडून बघा." उघडली, खाड्कन आरशाला लागली. एसी नसलेल्या गाडीत ती त्रिकोणी काच म्हणजे बाबांचा पंखा, ती बंद ठेवणं शक्यच नव्हतं. काका खूश, मला म्हणाले, "बघा, म्हणून बोलावलं." मी मध्येच मडगार्डवर लावू का विचारलं, तिथला आरसा पुढच्या काचेतून दिसतो हे खरं, पण काका म्हणाले पार्किंगमध्ये आठ दिवस टिकणार नाही, आणि हलला तर दर वेळी उतरून नीट करा. शेवटी दोन बोटं खाली उतरवून जागा ठरली, तिथे उघडी काच वरून निघून जाते.

ठरल्यावर बाकीचं पटापट. आधी काच पूर्ण वर, कारण खाली असली की ती दरवाजाच्या पोटात असते आणि ड्रिल सरळ तिच्यात. हँडल काढून आतला पुठ्ठा उतरवला, बाहेर मास्किंग टेप, पंचने टोचा, म्हणजे ड्रिल रंगावरून घसरत नाही, पहिलं बारीक भोक मग मोठं. भोकाच्या कडेला उघडा पत्रा दिसतो, तिथे कानसीने साफ करून रेड ऑक्साईड लावला, नाहीतर पहिल्याच पावसात तिथून गंज सुरू. बाहेर रबराचं पॅकिंग, आतून लोखंडी पट्टी, नुसत्या पत्र्यावर लावला तर थरथरतो आणि वर्षभरात भोक मोठं होतं म्हणे. आणि पुठ्ठा उघडलाच आहे म्हणून दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी केली, मूठभर चिखल निघाला, ते मी सांगितलंही नव्हतं आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. सगळ्याचे मिळून 800.

सिग्नलला गाडी उभी असली की आरसा अजून जरा थरथरतो, पट्टी असूनसुद्धा, चालू लागली की शांत. त्यात मी काकांना दोष देत नाही, आमच्या इंजिनाचं आयडलिंगच तसं आहे. बाबा अजूनही "थांब, बाईक आहे" म्हणतात, फक्त आता आरशात बघून मी आधीच थांबलेलो असतो आणि ते त्यांना आवडत नाही. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

कुणाला जायचं असेल तर काका गुरुवारी बंद, दुपारी दोन ते चार जेवण आणि झोप, तेव्हा शटर वाजवू नका. आणि शेजारी बसणारं माणूस बरोबर न्या, रिकाम्या सीटवर ते माप घेत नाहीत.