फायबरचा डबा बरा, कुलूप कच्चं

विदर्भातल्या गावांत केबलवाला फायबरसोबत जो दोन बँडचा राउटर देतो, त्या डब्याबद्दल फारशी तक्रार नाही. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल विटांच्या दोन भिंती ओलांडून गोठ्यापर्यंत जातो, ५ गिगाहर्ट्झ ओसरीतच दमतो. डब्याला ५ पैकी ४ गुण; बसवून देण्याच्या पद्धतीला मात्र १ सुद्धा जास्तच.

बसवणारा वाय-फायचा पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे वाय-फायच्या नेहमीच्या कुलपात, पासवर्ड हवेतून जात नाही, हे खरं. फोन आणि राउटर एकमेकांना एकेक ताजा आकडा पाठवतात, पासवर्डवरून चावी बनवतात आणि ती जुळल्याची खूण देतात. असे चार निरोप. पण ते रस्त्यावरच्या लॅपटॉपलाही ऐकू येतात. साठवून घरी नेले की निवांत अंदाज लावत बसता येतं, राउटरला पत्ताही लागत नाही. मोबाइल नंबर ६ ते ९ नेच सुरू होतात, म्हणजे फार तर ४ अब्ज शक्यता. गेमिंगच्या चांगल्या ग्राफिक कार्डाला काही तासांचं काम. तेवढेही कष्ट कशाला? नंबर ट्रॅक्टरच्या मागे रंगवलेलाच असतो.

राउटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) शिरून आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. मग सुरक्षा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' मिश्र ठेवा; डब्ल्यूपीए३ हे त्याच कुलपाचं नवं रूप. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुने फोन आणि स्वस्त कॅमेरे जोडलेच जात नाहीत. डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं, म्हणून घरी नेऊन फोडण्याची सोय संपते. मिश्र ठेवल्यावर जुन्या उपकरणांपुरती ती उरतेच, तेव्हा पासवर्ड लांब हवा: एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे.

एन्क्रिप्शन, म्हणजे हवेतली माहिती गुप्त करण्याची पद्धत, 'एईएस' निवडा. जुनी पद्धत 'टीकेआयपी' राहिली तर सुरक्षा तर जातेच, वेगही ५४ एमबीपीएसच्या आत अडकतो आणि १०० च्या प्लॅनचे पैसे वाया. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटन किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसत्या पडताळणीचा, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो.

मॅक फिल्टरच्या, म्हणजे उपकरणाचा ओळख-पत्ता बघून आत घेण्याच्या, नादी लागू नका. मॅक पत्ता हवेत उघडाच फिरतो, नक्कल सोपी. शिवाय अँड्रॉइड १० पासूनचे फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट पत्ता देतात, तेव्हा अडतो तो घरचाच माणूस. पाहुण्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क बरं.

लाइन गेल्याने सेटिंग पुसली जात नाही, रीसेटचं बटन दाबल्याने जाते. दुरुस्तीला आलेला माणूस ते हमखास दाबतो आणि पुन्हा मोबाइल नंबर टाकतो. तो निघण्याआधी फोनवर नेटवर्कचा तपशील उघडून बघा.