प्रायव्हेट सिटी टूर: एकदा फसलो, एकदा जमलं

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण प्रायव्हेट टूर म्हणजे आपण नेमकं काय विकत घेतोय हे पहिल्या वेळी मला स्वतःलाच कळलं नव्हतं. मला वाटलेलं प्रायव्हेट म्हणजे आपल्या मनासारखी. तसं नसतं हो. प्रायव्हेट म्हणजे फक्त एवढंच की ग्रुपमध्ये परकी माणसं नसतात, बाकी प्लॅन छापील असू शकतो आणि बहुतेक वेळा असतोच.

आमचा ग्रुप सात जणांचा. मी, नवरा, आमची 15 वर्षांची मुलगी (कानात इअरफोन, चेहऱ्यावर कंटाळा), ताई, भावोजी, त्यांचा 7 वर्षांचा मुलगा आणि आई. आई 74 ची, उत्साह आमच्यापेक्षा जास्त पण गुडघे साथ देत नाहीत, सपाट रस्त्यावर अर्धा तास आरामात चालते, पायऱ्या आल्या की संपलं.

पहिला अनुभव रोमचा. नेटवर भरपूर स्टार असलेली एक कंपनी, नाव लिहीत नाही, तीन तासांत कोलोसियम, फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि पॅलाटिन टेकडी. बुक करताना त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या, तारीख, माणसं किती आणि कार्ड नंबर. तेव्हा वाटलं किती सुटसुटीत! आता वाटतं तिथेच शंका यायला हवी होती.

सकाळी गाडी आली ती सात सीटची. आम्ही सात. मग गाइड कुठे बसणार? तो बिचारा मागून टॅक्सीने आला आणि ती पंधरा-वीस मिनिटं आमच्याच तीन तासांतून गेली, कारण घड्याळ पिकअपपासून चालू होतं हे अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं. गेटवर दुसरी गंमत. कोलोसियमच्या तिकिटावर 2023 पासून प्रत्येकाचं नाव असतं आणि ते ओळखपत्राशी जुळावं लागतं, आणि ताईने मेसेजमध्ये भाच्याचं घरातलं नाव पाठवलेलं. ही चूक आमचीच, पण नावं पासपोर्टवर आहेत तशीच पाठवा एवढं एक वाक्य कंपनीने लिहिलं असतं तर? लहान मुलगा म्हणून सोडलं शेवटी, पण ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गाइड वाईट होता असं अजिबात नाही हं, उलट जबरदस्त माहिती होती त्याला. रोमन सम्राट व्हेस्पेशियनने कोलोसियम बांधायला घेतलं, इ.स. 80 मध्ये त्याच्या मुलाने, टायटसने उद्घाटन केलं, शंभर दिवस खेळ चालले, सगळं रंगवून सांगत होता, भावोजी तर खूशच होते. पण भाच्याला एकच गोष्ट बघायची होती, सिंह जिथून वर यायचे ती तळघरातली जागा. तिचं तिकीट वेगळं असतं आणि आधी काढावं लागतं, हे आम्हाला आत गेल्यावर कळलं. आई वरच्या मजल्यावर आली नाही, खालीच थांबली. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी तिथे लिफ्ट आहे हे मला परत आल्यावर समजलं, तेव्हा इतका राग आला ना! आणि फोरममध्ये तर ते जुने उंचसखल दगड, दहा मिनिटांत आई सावली बघून बसली, नवरा तिच्याजवळ थांबला, मुलगी फोनमध्ये, म्हणजे सात जणांचे पैसे भरून टूर ऐकली साडेतीन माणसांनी. दोन स्टार देते, दोन्ही गाइडचे, कंपनीला शून्य.

पुढच्या ट्रिपला इस्तंबूल ठरलं तेव्हा मी वेगळं केलं. एकच मेसेज तीन ठिकाणी पाठवला: सात जण, मंगळवारी एक दिवस, हागिया सोफिया आणि तोपकापी राजवाडा बघायचाय, काय कराल? (हागिया सोफिया म्हणजे तिथली प्रसिद्ध जुनी इमारत, आधी चर्च, आता मशीद.) दोघांकडून तासाभरात रेट आणि पीडीएफ आलं, दोघांच्याही प्लॅनमध्ये मंगळवारी तोपकापी. तिसरी एक गाइड बाई, तिच्याकडून दुसऱ्या दिवशी रेटच्या ऐवजी प्रश्न आले. वयं काय सगळ्यांची, न थांबता कोण किती वेळ चालू शकतं, पायऱ्या चालतील का, मुलांना कशात रस आहे, हॉटेल चढावर आहे का, आणि सर्वात खाली, तोपकापी मंगळवारी बंद असतो, दिवस बदलणार की जागा?

म्हणजे बाकीचे दोघं आम्हाला बंद दारासमोर उभे करणार होते. कदाचित आदल्या दिवशी सांगितलं असतं म्हणा, पण मी तिथेच ठरवलं हीच बाई.

माझं मत आता असंच झालंय की आपण दहा प्रश्न विचारण्यापेक्षा समोरचा आपल्याला काय विचारतो ते बघावं. ज्याला आईच्या गुडघ्यांबद्दल काही पडलेलं नाही तो चालताना पण मागे वळून बघणार नाही. आणि साइटवरचे स्टार कंपनीला असतात, त्या दिवशी येणाऱ्या माणसाला नाही. मोठ्या बुकिंग साइट मधल्या मध्ये असतात, गाइड कोण हे कधीकधी आदल्या रात्री कळतं, म्हणून नाव आधी मागून घ्या आणि त्या नावाने रिव्ह्यू शोधा. मी तर रिव्ह्यूमध्ये गुडघा, व्हीलचेअर, आजी असले शब्द शोधते. पाच स्टार देणारे बहुतेक पंचविशीतले फिट जोडपे असतात, त्यांचं सुख आपल्या काय कामाचं.

लायसन्सचं पण बघा. इटली आणि तुर्कस्तानात गाइडला लायसन्स लागतं, इस्तंबूलच्या बाईच्या गळ्यात कार्ड होतंच. न्यूयॉर्कमध्ये पण शहराचं लायसन्स लागतं, लंडनचे ब्लू बॅज गाइड, म्हणजे परीक्षा देऊन बिल्ला मिळवलेले, तर प्रसिद्धच आहेत. सगळीकडे असं नसतं. ड्रायव्हर-कम-गाइड स्वस्त पडतो, पण तो गाडीतूनच दाखवणार का तुमच्याबरोबर आत येणार हे आधीच विचारा, पुष्कळ ठिकाणी त्याला आत गाइड म्हणून बोलायची परवानगीच नसते.

तर इस्तंबूल. बाईने स्वतःहून सांगितलं की सुलतानअहमद भागात दिवसभर गाडी ठेवू नका, सगळं जवळजवळ आहे, गाडी उगीच अडकून राहील, फक्त सोडायला आणि न्यायला घ्या, आणि मी धरून आठ सीट लागतील ड्रायव्हर सोडून. रोमनंतर हे वाक्य वाचून मला भरून आलं. दुकानांचं पण मी थेट विचारलं होतं, कारण गालिच्याच्या दुकानात नेऊन चहा पाजून कमिशन हा प्रकार ऐकून होते. उत्तर आलं, तुम्ही म्हणालात तर नेईन, नाहीतर नाही. लेखी आलं, ते महत्त्वाचं.

दिवस तिने दोन तुकड्यांत तोडला. सकाळी तीन तास पायी, दुपारी हॉटेलवर आराम, मग बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत बोट, म्हणजे आईला बसूनच बघायचं. पर्यटकांना आता हागिया सोफियाच्या वरच्या गॅलरीत चढून जावं लागतं आणि बॅसिलिका सिस्टर्नला, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या पाण्याच्या टाकीला, पन्नासेक पायऱ्या उतरायच्या, हे तिने आधीच कळवलं होतं, आईसाठी दोन्हीपैकी एक निवडा म्हणाली. आई म्हणाली हागिया सोफिया, कितीही वेळ लागू दे. लागला, पण बाई आईच्याच वेगाने चालली, दर थोड्या वेळाने थांबायची आणि थांबायला कारण म्हणून एखादी गोष्ट सांगायची, आईला वाटावं गोष्टीसाठी थांबलोय. हे शिकवून येत नाही.

सिस्टर्नच्या वेळी तर कमाल. आत काय आहे ते तिने वरच समजावलं, मेडुसाची (ग्रीक कथेतली केसांच्या जागी साप असलेली बाई) दोन दगडी डोकी, एक उलटं एक आडवं, भाच्याला कागदावर नकाशा काढून दिला की शोधून काढ, आणि स्वतः आईजवळ बाकावर बसली. आम्ही सहा जण आत, भाचा पुढे नकाशा घेऊन, आपणच गाइड असल्यासारखा. आमच्या मुलीचं तर तिने मांजरांवरून जमवलं. हागिया सोफियात ग्ली नावाची एक मांजर राहायची, 2020 मध्ये गेली, तिचे फोटो मुलीने आधीच बघितलेले होते, मग काय, इअरफोन निघाले ते संध्याकाळपर्यंत परत गेले नाहीत.

एक सांगायचं राहिलं, प्रायव्हेटचा रेट बहुतेक ग्रुपचा असतो, माणशी नाही, त्यामुळे सात जणांना परवडतं, दोघांना चटका बसतो. तुम्ही दोघंच असाल, चालायची तक्रार नसेल, तर छोट्या ग्रुपची टूर घ्या किंवा त्या टिपवर चालणाऱ्या फ्री वॉकिंग टूर असतात त्यातली एक करा. फक्त शेवटी दोन नाणी देऊन पळू नका, बऱ्याच ठिकाणी गाइडलाच माणशी पैसे कंपनीला भरावे लागतात.

इस्तंबूलला साडेचार स्टार. अर्धा कापला तो बोटीमुळे. वर वारा इतका होता की ती बोलतेय एवढंच दिसत होतं, ऐकू शून्य, गळ्यात अडकवायचं ऐकण्याचं यंत्र असतं ना ते सात जणांना कशाला म्हणून तिने आणलं नव्हतं. आम्ही सगळे माना हलवत होतो. रात्री आईने विचारलं, तो मोठा पूल आला तेव्हा ती काय एवढं हातवारे करून सांगत होती गं? मी ताईकडे बघितलं, ताईने भावोजींकडे, शेवटी मुलीने फोनवर बघून सांगितलं, 1973 चा आहे, युरोप आणि आशिया जोडतो. आई म्हणाली, हे एवढंच नसणार, ती खूप वेळ बोलत होती.