ग्रेको जेबी-६००, ऑगस्ट १९७९: चार स्क्रू काढल्यावर काय दिसलं

टोकियोच्या ओचानोमिझू स्टेशनातून बाहेर आलं की मेइदाई-दोरी या रस्त्याचा उतार लागतो आणि गिटारींची दुकानं सुरू होतात. निशी-कासाईहून मी गेली तीन वर्षं जवळपास दर महिन्याला तिथे जाते. या मार्चमध्ये तिथल्याच, अरुंद जिना चढून जावं लागणाऱ्या एका दुकानातून मी जुना ग्रेको जेबी-६०० बास घेतला, म्हणजे अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या जॅझ बास या बास गिटारची जपानी नक्कल. सनबर्स्ट रंग, वजन ४.३ किलो, किंमत ७८,००० येन. तीन महिने रोज वाजवून झाल्यावर लिहिते आहे.

याआधी एकदा फसले होते, ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन बोली लावून एक 'लॉसूट' (म्हणजे खटल्याच्या) काळातला दुर्मिळ जपानी बास घेतला. दिसायला देखणा, पण वाजवला की स्वर तिथल्या तिथे बसायचा. पिकअप (तारांची थरथर पकडणारं चुंबकी वेटोळं) उचलून खालच्या खाचेत टॉर्च मारला, तर लाकडाच्या कडेला खारी बिस्किटासारखे थर दिसले. सगळी बॉडी प्लायवूडची, वरून जाड काळा रंग. विकणाऱ्यानं साधं 'लाकडी बॉडी' म्हटलं होतं.

'लॉसूट' या शब्दाला म्हणूनच भुलू नका. खटला झाला तो १९७७ साली फिलाडेल्फियात. अमेरिकी गिटार कंपनी गिब्सनची मालक नॉर्लिन, तिनं जपानी आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर, एल्जरवर, तो भरला होता आणि वाद होता गिटारच्या डोक्याच्या आकाराचा. पुढच्या वर्षी तडजोडही झाली. फेंडरच्या जॅझ बासचा त्यात काही संबंध नव्हता. तरीही जॅझ बासच्या कुठल्याही जपानी नकलेला हा शब्द चिकटवून किंमत वाढवली जाते, आणि मला याचा मनापासून राग येतो. या वाद्यांना खोट्या गोष्टीची गरजच नाही. ग्रेको हे नाव टोकियोच्या कांदा शोकाई कंपनीचं आणि त्या काळात बासचं बरंच काम व्हायचं नागानोतल्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात. १९८२ मध्ये फेंडर जपान सुरू झालं तेव्हा भागीदार कोण, तर कांदा शोकाई. आणि फेंडरचं नाव लावून वाद्यं बनवायला लागलं फुजिगेन. नक्कल करणाऱ्या हातांनाच मूळ कंपनीनं आपलं काम दिलं. माझ्या दृष्टीनं या बासना याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

मॉडेलचा आकडा म्हणजे त्या वेळची किंमत. ग्रेकोत ६०० म्हणजे ६०,००० येन, ४५० म्हणजे ४५,०००. तोकाई ही दुसरी जपानी कंपनी हजारात लिहायची, म्हणून त्यांचा ८० म्हणजे ८०,०००. एवढं कळलं की कारखान्यानं त्या बासवर किती जीव लावला होता याचा अंदाज येतो. साल काढायचं असेल तर बॉडीच्या मागे, नेक म्हणजे लांब मान जिथे जोडतात तिथल्या धातूच्या प्लेटवरचा नंबर बघायचा: पहिलं अक्षर महिना, पुढचे दोन अंक वर्ष. माझ्यावर 'एच ७९' आहे, म्हणजे ऑगस्ट १९७९. पण प्लेट चार स्क्रूंवर असते, आज या बासवर तर उद्या दुसऱ्यावर. त्यामुळे नुसत्या नंबरावर पैसे मोजू नका.

मी मिरजेची. शाळेत जायचा रस्ता तंतुवाद्यांच्या दुकानांवरून जायचा. तिथे सतार घेणारा माणूस आधी भोपळ्यावर टिचकी मारून कान लावायचा, मग घोडीवरची जवारी बोटानं चाचपायचा, नक्षीकडे शेवटी बघायचा. तीच सवय मला इथे कामी आली. दुकानाच्या चिठ्ठीवर 'रोद्दो योयू आरी' असं लिहिलं होतं, म्हणजे नेकचा बाक सरळ करणाऱ्या आतल्या रॉडला अजून फिरायला जागा आहे. जुन्या बासबद्दल चिठ्ठीवर याहून मोलाचं काही लिहिलेलं नसतं. तरी मी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एकच तार दाबून मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, फट बघितली. जाड कागद जाईल एवढी होती. मग नेक उघडून दाखवाल का, असं विचारलं. दुकानातल्या पोरानं तारा सैल केल्या, बास फेल्टवर पालथा ठेवला आणि चारही स्क्रू काढून ओळीनं मांडले. नेकच्या टाचेवर निळ्या शाईत ६०० चा शिक्का होता. बॉडीतल्या खाचेत रंगाविना उघडं लाकूड, मोठ्या रेषांचं, एकसंध, एकही थर नाही. सेन नावाचं लाकूड असावं, असं तो म्हणाला. तिथेच माझं ठरलं.

आवाज? पुढच्या पिकअपचा आवाज पूर्ण वाढवला की पखवाजाच्या डाव्या पुडीला ताजी कणीक लावल्यावर जो भरीव, गोल नाद येतो, त्याच जातीचा. आमच्या इथल्या मराठी ग्रुपमध्ये ढोलकीच्या खाली हा बास इतका नीट बसतो की अ‍ॅम्पचा बेस मी निम्म्यावर आणला. वरच्या पट्टीत स्वर थोडा पातळ होतो, पण सोलो वाजवायला मी तो घेतलेला नाही. नेक ३८ मिलिमीटरवर सुरू होतो, लहान हाताला तो सुखाचा. वजन मात्र खांद्याला जाणवतं, रुंद पट्टा घ्याच.

आता तक्रार. जॅझ बासच्या रचनेत दोन पिकअपची वेटोळी एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोन्हींचा आवाज पूर्ण वाढवला की घुंई थांबायला हवी. घरी आल्यावर लावून बघितलं तर ती थांबेना. पिकअप काढून बघितले, तर पुढच्याखाली ते बनवणाऱ्या मॅक्सॉनचा शिक्का, मागच्याखाली काहीच नाही, आणि तिथलं सोल्डर चकचकीत नवं. कुणीतरी मध्येच बदललेला. चिठ्ठीवर 'सगळं मूळचं' लिहिलं होतं. फोटो दाखवल्यावर दुकानानं ६,००० येन परत केले, पण हे त्यांनीच आधी बघायला हवं होतं. तुम्ही मात्र दुकानातच अ‍ॅम्पला लावून दोन्ही आवाज पूर्ण वाढवा आणि तारांना हात न लावता ऐका.

एक बारीक गोष्ट, भारतातून विचारणाऱ्यांसाठी: नॉब अमेरिकी मापाचे मागवू नका. जपानी पॉटची (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाची) दांडी ६ मिलिमीटरची, अमेरिकी ६.३५ ची. मी मागवलेले डगडगत होते, शेवटी इथलेच बसवले. आणि फोटो मागाल तेव्हा डोक्यावरच्या नावाचा नको, नेकखालच्या खाचेचा मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

मागच्या पिकअपला त्याच काळातला जोडीदार अजून शोधते आहे. गेल्या शनिवारी उताराच्या तळाशी एका दुकानात एक सापडला, शिक्क्यासकट. दुकानदारानं मीटर लावला, तर आतली तार तुटलेली निघाली.