सांगलीत घेतलेला गॉगल

तासगावला आमची द्राक्षबाग. छाटणीच्या दिवसांत दिवसभर मान वर आणि ऊन थेट डोळ्यात. दोन वर्षं रस्त्यावरचा शंभर रुपयांचा काळाभोर गॉगल वापरला. परवा विश्रामबागेतल्या चष्म्याच्या दुकानात काकांनी तो यंत्रावर धरला, तर अतिनील किरण सरळ आरपार! काळ्या काचेआड डोळ्याची बाहुली मोठी होते, त्यामुळे असा गॉगल उलट जास्त घातक. जीव चरकला माझा.

साडेआठशेला यूव्ही ४०० घेतला. काच फिकट तपकिरी, तरी ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे सगळेच अतिनील (यूव्ही) किरण अडवते. कडेनंही ऊन शिरत नाही. घामानं नाकावरून घसरतो, तेवढं खटकतं. वडिलांच्या डोळ्यात मांस वाढलंय, उन्हातच आयुष्य गेलं त्यांचं. त्यांच्यासाठीही आणला.