एनस्क्रिप्टऐवजी पॅप्स : मोंढ्यातील वर्षभराचा अनुभव

लातूरच्या मोंढ्यातील आमच्या आडत दुकानात शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशेबाची बिले, लिनक्स या संगणकप्रणालीवर तयार होतात आणि साध्या मजकुराची फाइल टर्मिनलमधूनच, म्हणजे आज्ञा टाइप करून, छपाईला जाते. पूर्वी हे काम एनस्क्रिप्ट या साध्या मजकुराला छपाईयोग्य रूप देणाऱ्या साधनाकडे होते, त्याची १.६.६ ही आवृत्ती २०१२ ची असून युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत पद्धत, त्याला कधीच उमगले नाही. ‘सोयाबीन’ छापायला दिले, की डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग कागदावर उतरत असे, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचे असते आणि हे साधन प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजते. ए-टू-पीएस या तशाच दुसऱ्या साधनाचीही वाट पाहिली. २००७ नंतर त्याची पुढची आवृत्ती थेट २०२३ मध्ये आली, तोवर आमचे किती हंगाम गेले!

आता वापरतो ते पॅप्स हे साधन मात्र अक्षरजुळणीचे काम पँगो या अनेक लिप्या जाणणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवते, त्यामुळे ‘क्विंटल’मधले जोडाक्षर आणि पहिली वेलांटी जागच्या जागी बसतात. त्यातून निघणारी पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतली फाइल कप्स या लिनक्सच्या छपाई व्यवस्थेतील ‘एलपी’ या आज्ञेकडे वळवली, की काम झाले, कागदाच्या एका बाजूवर दोन पाने छापण्याची सोय कप्समध्येच आहे.

खटकणारी बाब एकच, पण मोठी आहे. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने स्पेस देऊन आखलेले वजन, भाव आणि हमालीचे रकाने वाकडे होतात, आणि वाकडी पट्टी शेतकऱ्याच्या हाती देणे बरे दिसत नाही. म्हणून रकान्यांच्या पट्ट्या मी लिबरऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरकडून, त्याची खिडकी न उघडता, पीडीएफ करून छापतो. पत्रे आणि याद्या पॅप्सकडेच ठेवल्या आहेत.