उरुशीचं जपानी पेन घ्यावं का? महिनाभर वापरून जे वाटलं ते

आधी एक गैरसमज काढून टाकू, जपानी लॅकर, म्हणजेच उरुशी, ही आपली लाख नव्हे. लाख किड्यापासून येते, उरुशी हा झाडाचा चीक, आणि ते झाड बिब्ब्याच्या कुळातलं, म्हणजे कच्चा चीक लागला तर बिब्बा उततो तसंच अंग उततं. नीट वाळलेल्या पेनाचा सहसा त्रास नाही, पण स्किन फारच सेन्सिटिव्ह असेल तर नवंकोरं पेन काही दिवस तसंच पडू द्या.

तर मित्राने त्याचं नाकाया कंपनीचं उरुशीचं फाउंटन पेन महिनाभर वापरायला दिलं (असा मित्र सगळ्यांना मिळो), माझ्याकडे प्लॅटिनम या जपानी कंपनीचं साधं ३७७६ हे पेन आधीपासून आहे, त्यामुळे तुलना आपोआपच झाली आणि पहिल्याच पानावर कळलं की लिहिण्यात फरक जवळजवळ शून्य! असणारच, नाकायाला निब प्लॅटिनमचीच, तीच १४ कॅरेटची, कागदावर पेन्सिलीसारखी किंचित खरखरणारी. जपानी फाइन निब म्हणजे बारीकच, त्यामुळे अनुस्वार, जोडाक्षरं काही बुजत नाही, पण हे सुख साध्या ३७७६ मध्येही आहे. कन्व्हर्टर (शाई भरायची नळी) पण प्लॅटिनमचाच. नुसतं लिहायलाच हवं असेल तर विषय इथेच संपला, उरलेल्या पैशात शाई आणि चांगला कागद घ्या.

मग एवढे पैसे कशाचे? वरच्या कातडीचे. आत एबोनाइट (कडक केलेलं रबर), त्यावर उरुशीचा थर, मग ते ओलसर कपाटात ठेवायचं (हो ओलसरच, उरुशीला वाळायला दमट हवा लागते, बाकी रंगांच्या बरोब्बर उलट), मग घासायचं, मग पुढचा थर, असे महिने जातात. पायलट या पेन कंपनीच्या नामिकींनी १९२० च्या दशकात पेनांना लॅकर लावायला घेतलं ते काही नुसत्या शोभेसाठी नाही, एबोनाइट उन्हाने विटायचं म्हणून. १९३० मध्ये लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला आणि सोन्याच्या पुडीची नक्षी, म्हणजे माकी-ए, केलेली त्यांची पेनं युरोपात डनहिलच्या नावाने विकली जाऊ लागली. माकी-ए मला नको. सोन्याचा ड्रॅगन हातात धरून मीटिंगच्या नोट्स कोण काढणार, जीव सगळा पेनातच.

मित्राचं साधं तामेनुरी आहे, खाली लाल, वर तपकिरी पारदर्शक थर, आणि टोपणाच्या कडेला जिथे थर पातळ पडतो तिथे खालचा लाल झळकतो. वर्षं जातील तसा वरचा थर अजून पारदर्शक होत जातो. लिहायचं काही नसताना मी दिवसातून दहादा टोपण काढून ती कडच बघत बसायचो, काय सांगू. आणि हाताला गार लागत नाही, प्लास्टिकसारखं बुळबुळीतही नाही.

लाड मात्र करावे लागतात. उन्हात ठेवायचं नाही, धुताना अख्खं पेन पाण्यात बुडवायचं नाही, आणि क्लिप नसलेलं दिसायला भारी पण टेबल जरा उतरतं असलं की गेलंच गडगडत. सेकंडहँड मिळालं तर माझ्या मते चांगलंच, रंग आधीच उजळलेला असतो, फक्त टोपणाच्या ओठाला टवका किंवा बारीक चीर नाही ना ते नीट बघा.

मी घेतोय. साधं तामेनुरी, क्लिपवालं, ड्रॅगनबिगन काही नाही. परवा मित्राला त्याचं पेन परत केलं तर त्याने आधी टोपणाची कड उजेडात धरून बघितली, निब उघडून बघितलीच नाही.