काचेची कवटी, ९५० पेसो आणि एक पडलेला दात

मेक्सिको सिटीतल्या कोयोआकानच्या बाजारामागे एका गल्लीत काचेच्या मोझेइकचं छोटंसं दुकान आहे. पुढे विक्री, मागच्या अंगणात दर शनिवारी कार्यशाळा. सप्टेंबरात मी तिथे ‘कालावेरा’, म्हणजे मृतांच्या सणाची नक्षीदार कवटी करायला गेले. साडेतीन तास, ९५० पेसो, सामान त्यांचंच. गेल्या वर्षी माझे वडील, अण्णा गेले. शेजारच्या सेन्योरांनी यंदा त्यांच्या घरच्या ओफ्रेंदावर, म्हणजे सणाला मृतांसाठी मांडतात त्या वेदीवर, अण्णांचा फोटो ठेवायला आपणहून जागा दिली. नुसता फोटो घेऊन कसं जायचं, म्हणून हा खटाटोप.

आधी दुकानाबद्दल. तयार वस्तूंत फार जीव नाही. फळीवर वीसेक कात्रिना, म्हणजे पिसांची टोपी घातलेली ती सांगाड्याची बाई. मेक्सिकन खोदचित्रकार पोसादाने कोरलेल्या मूळ चित्रात तिचं फक्त डोकं आणि टोपी आहे. अंगभर पोशाख चित्रकार दिएगो रिवेराने पुढे भित्तिचित्रात चढवला. इथल्या कात्रिनांचे घागरे काचेचे दिसतात, पण नखाने टकटक केलं तर अर्ध्या प्लास्टिकच्या निघाल्या. किंमत मात्र सगळ्यांना काचेची. त्या घेऊ नका, थेट अंगणात जा.

अंगणात मजा आहे. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘माएस्त्रा’ म्हणतात. त्यांनी प्रत्येकासमोर कवटीच्या आकाराची एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेली) फळी ठेवली आणि मधोमध काचेच्या चौकोनांचे डबे. दोन सेंटिमीटरचे हे चौकोन इथे ‘वेनेसियानो’ म्हणून मिळतात, पोहण्याच्या तलावांना लावतात तेच. तोडायला दोन चाकांची पक्कड. मी आधी चौकोन पूर्ण पकडीच्या तोंडात घालून दाबायचे आणि त्याचा भुगा व्हायचा. माएस्त्राने हात धरून दाखवलं: काच जेमतेम काठाशी धरायची, चाकं जिकडे रोखली तिकडे चीर जाते. पाच-सहा चौकोन वाया गेल्यावर एकदम जमलं, आणि मग थांबवेना.

दुसरी गोष्ट मी स्वतःहून कधीच शोधली नसती. मी तुकडे फरशीसारखे अगदी एका पातळीत बसवत होते. त्यांनी दोन-चार तुकडे बोटाने किंचित कलते केले आणि मोबाइलचा दिवा वरून फिरवला. सपाट भाग एकदमच चमकून विझला. कलत्या तुकड्यांतून उजेड एकातून दुसऱ्यात पळत गेला. ‘मेणबत्तीसमोर ठेवणार ना? मग तिला खेळायला जागा ठेव,’ म्हणाल्या.

साखरेच्या कवट्यांच्या कपाळावर नाव घालतात, तसं मी ‘अण्णा’ लिहायचं ठरवलं. देवनागरीतला ‘ण्ण’ काचेत करून बघाच एकदा! शेजारच्या टेबलावरची मंडळी उठून बघायला आली. डोळ्यांभोवती काळ्या तुकड्यांची चौकट केली, कारण चष्म्याशिवाय अण्णा मला आठवतच नाहीत. गालांवर सेम्पासुचिल, म्हणजे आपला झेंडू (मूळचा इथलाच हो तो), आणि खाली दातांची रांग.

ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचा मसाला, मात्र घाईत उरकलं. श्रीखंडाइतकं दाट कालवून फटींत भरायचं, थोडं आवळू द्यायचं, मग ओल्या स्पंजने तिरकं पुसायचं. पुढची बॅच दारात उभी, त्यामुळे आवळायला वेळच दिला नाही आणि पुसताना फटी पोकळ झाल्या. शिवाय सगळ्यांना सरसकट पांढरं. गडद ग्राउटमध्ये काचेचे रंग उठून दिसतात, पांढऱ्यात फिके पडतात. मागितल्यावर काळं मिळालं, पण मागावं लागलं.

खरी तक्रार वेगळीच आहे. गल्ल्यावरच्या मुलाने ‘बाहेर टांगली तरी चालेल’ असं छातीठोक सांगितलं. मी बाल्कनीत टांगली. इथे पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. तीन आठवड्यांत एमडीएफ कडेने फुगलं, सुतारकामाचा पांढरा गोंद दुधाळ होऊन सुटला आणि खालचे चार दात कुंडीत पडले. दोष काचेचा नाही. इन्सुर्खेंतेस रस्त्यावरच्या नाट्यगृहाच्या दर्शनी भागावर रिवेराचं १९५३ सालचं काचेचंच मोझेइक आजही ऊन-पाऊस खात उभं आहे. बाहेर किंवा थडग्यावर ठेवायची असेल तर सिमेंटचा पाया आणि फरश्या चिकटवायचा सिमेंटी मसाला हवा, हे त्या मुलाला ठाऊक असायला हवं होतं. परत गेले तेव्हा त्याने खांदे उडवले. माएस्त्राने मात्र फळी आठवडाभर वाळवायला लावली, फुगलेली कड घासून दिली, नवा गोंद दिला आणि पैसे घेतले नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण गल्ल्यावरच्या मुलाने घालवला, एक त्या प्लास्टिकच्या कात्रिनांनी.

२ नोव्हेंबरला सेन्योरांकडे पाणी, मीठ, पाव आणि कोपाल नावाच्या धुपाच्या धुरात अण्णा चष्मा लावून बसले होते. चारांपैकी तीनच दात मी परत चिकटवले होते, चौथा कुंडीत सापडलाच नाही. सेन्योरांनी विचारलं, हा दात कुठे गेला? म्हटलं, रात्री कवळी काढून ठेवायची सवयच होती त्यांना.